प्रवेश की पुनःप्रवेश? : सर्फिंगच्या इतिहासातील स्त्रिया

प्रस्तावना :

क्रीडेच्या इतिहासात स्त्रियांविषयी लिहिताना एक ठरावीक मांडणी केली जाते. खेळ पुरुषांनी निर्माण केला, पुरुषांनी वाढविला; पुढे एखाद्या धाडसी स्त्रीने विरोध पत्करून त्यात पाऊल टाकले आणि हळूहळू इतर स्त्रियांसाठी वाट मोकळी झाली, असा या मांडणीचा सर्वसाधारण क्रम असतो. अनेक आधुनिक खेळांच्या बाबतीत तो खराही आहे. मात्र सर्व खेळांना ही मांडणी सरसकट लावल्यास इतिहासाचा विपर्यास होण्याचा धोका असतो. सर्फिंग, म्हणजे फळीवर उभे राहून समुद्राच्या लाटेवर स्वार होण्याचा खेळ, हे याचे ठळक उदाहरण होय.

आज सर्फिंग हा शब्द उच्चारताच कॅलिफोर्निया किंवा ऑस्ट्रेलियाचा किनारा, उन्हाने रापलेले गोरे तरुण आणि वाळूवर बसून त्यांच्याकडे पाहणाऱ्या मुली असे चित्र डोळ्यांसमोर येते. हे चित्र चित्रपट, जाहिराती आणि नियतकालिके यांनी विसाव्या शतकात घडविले. त्याच्या प्रभावामुळे सर्फिंगमधील स्त्रियांकडे उशिरा आलेल्या पाहुण्या म्हणून पाहिले गेले. वस्तुतः ज्या हवाई बेटांवर हा खेळ सर्वाधिक विकसित झाला, तेथे स्त्रिया प्रारंभापासून लाटांवर होत्या. त्यांना नंतर बाजूला सारले गेले आणि पुढील पिढ्यांना ती जागा पुन्हा मिळवावी लागली. म्हणूनच हा इतिहास ‘प्रवेशाचा’ नसून ‘पुनःप्रवेशाचा’ आहे, अशी प्रस्तुत शोधनिबंधाची भूमिका आहे.

उद्दिष्टे :

१) हवाई बेटांवरील पारंपरिक सर्फिंगमधील स्त्रियांच्या स्थानाचा आढावा घेणे.
२) हे स्थान डळमळीत होण्यामागील राजकीय, धार्मिक व आर्थिक कारणे तपासणे.
३) विसाव्या शतकात फळीची रचना, प्रसारमाध्यमे, बाजारपेठ आणि पारितोषिकाची रक्कम या घटकांनी स्त्रियांच्या सहभागावर केलेला परिणाम अभ्यासणे.
४) या इतिहासाचा भारतीय किनाऱ्याच्या संदर्भात विचार करणे.

अभ्यासपद्धती :

प्रस्तुत लेखासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक संशोधन पद्धतीचा अवलंब केला आहे. प्रवासवर्णने, मौखिक परंपरांचे मुद्रित संग्रह, कादंबऱ्या, चित्रपट आणि अलीकडील संशोधनग्रंथ या दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे.

१. हवाई बेटांवरील मूळ परंपरा :

हवाईयन भाषेत सर्फिंगला ‘हे-ए नालू’ म्हणतात. ‘नालू’ म्हणजे लाट. पॉलिनेशियातील अनेक बेटांवर लाटांवर खेळण्याची प्रथा होती. परंतु फळीवर उभे राहून लांबवर लाट कापण्याचे कौशल्य हवाईमध्ये विशेष विकसित झाले. कॅप्टन जेम्स कुक याची जहाजे १७७८ मध्ये या बेटांवर पोहोचली. त्याच्या ताफ्यातील जेम्स किंग याने १७७९ मध्ये केआलाकेकुआ उपसागरात पाहिलेल्या सर्फिंगचे वर्णन लिहून ठेवले. त्याच ताफ्यातील वैद्य डेव्हिड सॅमवेल याने नऊ-दहा वर्षांची मुले आणि मुली खवळलेल्या लाटांत फळ्यांवर खेळताना पाहिल्याची नोंद केली. युरोपीय लेखणीतून उतरलेल्या अगदी आरंभीच्या नोंदींतही मुलगी किनाऱ्यावर नसून पाण्यात आहे, ही बाब महत्त्वाची ठरते.

मौखिक परंपरेतही याला दुजोरा मिळतो. माउई बेटावरील केलेआ ही राजकन्या सर्फिंगमध्ये निपुण होती. तिची कीर्ती ऐकून ओआहू बेटावरील मंडळी होडीतून आली आणि लाटांवर खेळत असतानाच तिला पळवून नेले, अशी कथा आहे. हवाईचा राजा कालाकाउआ याच्या नावे १८८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दंतकथासंग्रहात तिला माउईची लाटारोहिणी म्हणूनच स्थान दिले आहे. दंतकथेला इतिहासाचे प्रमाण मानता येत नाही. तथापि ज्या समाजाने ती कथा जपली त्याला लाटेवरची स्त्री अस्वाभाविक वाटत नव्हती, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते.

राणी काआहुमानू हिच्या बाबतीत पुरावा अधिक स्पष्ट आहे. हवाई बेटांचे एकीकरण करणाऱ्या पहिल्या कामेहामेहा राजाची ही पत्नी. राजदरबारात वाढलेले हवाईयन लेखक जॉन पापा ई-ई (१८००–१८७०) यांनी राजा आणि राणी दोघेही सर्फिंगमध्ये तरबेज असल्याचे नमूद केले आहे. चालत्या होडीतून फळीसह लाटेवर उडी घेण्याच्या अवघड प्रकारातही तिची गती होती.

या समाजाचे आदर्शीकरण मात्र टाळले पाहिजे. हवाईमध्ये ‘कापू’ नावाची निर्बंधांची कडक व्यवस्था होती. स्त्रियांना पुरुषांसमवेत भोजन करण्यास मनाई होती. डुकराचे मांस, नारळ आणि केळ्यांच्या बहुतेक जाती त्यांना निषिद्ध होत्या. सर्फिंगमध्येही भेद होता, परंतु तो मुख्यतः वर्गाचा होता. ‘ओलो’ नावाची लांब व जड फळी सरदार घराण्यांसाठी राखीव असे, तर सामान्य लोक ‘आलाइआ’ ही आखूड व पातळ फळी वापरीत. म्हणजे ताटात भेद मानणाऱ्या समाजाने लाटेत स्त्री-पुरुष भेद मानला नव्हता. स्त्रीचे स्वातंत्र्य ही एकसंध गोष्ट नसते. एका क्षेत्रातील बंधने दुसऱ्या क्षेत्रातही असतीलच असे नाही, हे या उदाहरणावरून दिसून येते.

२. ऱ्हासाची कारणे :

कामेहामेहाच्या मृत्यूनंतर १८१९ मध्ये काआहुमानूने तरुण राजाला आपल्या पंक्तीस बसवून कापू व्यवस्था मोडीत काढली. पुढल्याच वर्षी, १८२० मध्ये, अमेरिकेतील प्रॉटेस्टंट मिशनरी बेटांवर दाखल झाले. १८२५ मध्ये काआहुमानूने बाप्तिस्मा घेतला आणि १८३० मध्ये हुला नृत्याच्या जाहीर प्रयोगांवर बंदी घातली. जुने निर्बंध मोडणारी आणि नवे निर्बंध आणणारी स्त्री एकच होती. ‘परकीयांनी लादले, एतद्देशीयांनी सोसले’ एवढ्या सोप्या सूत्रात ही घटना बसत नाही.

मिशनऱ्यांचे नेते हायरम बिंगहॅम यांनी पुढे असे प्रतिपादन केले की, सर्फिंगवर कोणी बंदी घातली नव्हती. लोकांमध्ये शालीनता, उद्योग आणि धर्म वाढीस लागल्याने तो खेळ आपोआप मागे पडला. या युक्तिवादातील ‘शालीनता’ हा शब्द लक्षणीय आहे. सर्फिंग अल्पवस्त्र अवस्थेत आणि स्त्री-पुरुषांनी एकत्र खेळावयाचा खेळ होता. मिशनऱ्यांच्या प्रभावाखाली स्त्रियांमध्ये गळ्यापासून पायांपर्यंत झाकणारा ‘होलोकू’ हा झगा रूढ झाला. अशा वेषात लाटेवर उभे राहणे शक्य नव्हते. कायद्याने न केलेले काम पेहरावाने केले आणि त्याचा भार पुरुषांपेक्षा स्त्रियांवर अधिक पडला.

तथापि ऱ्हासाचे सर्वांत मोठे कारण म्हणजे लोकसंख्येचा विनाश. बाहेरून आलेल्या रोगांना तोंड देण्याची प्रतिकारशक्ती बेटवासीयांकडे नव्हती. १८३२ च्या मिशनरी गणनेत बेटांची लोकसंख्या सुमारे १,३०,००० होती. १८९० च्या जनगणनेत मूळ व मिश्र वंशाचे मिळून सुमारे ४०,००० हवाईयन उरले होते. जो समाज निम्म्याहून अधिक माणसे गमावतो, त्याच्याकडे खेळासाठी लागणारी फुरसत आणि कौशल्य पुढच्या पिढीकडे सोपविणारी माणसे दोन्ही उरत नाहीत. त्यातच चंदनाचा व्यापार आणि नंतर उसाचे मळे यांनी जीवनाची घडी बदलून टाकली.

असे असूनही सर्फिंग पूर्णतः लोपले नाही. १८६६ मध्ये हवाईला गेलेल्या मार्क ट्वेन यांनी सर्व वयांचे स्त्री-पुरुष लाटांवर खेळताना पाहिल्याचे लिहिले आहे. हवाईयन इतिहासकार इसाया हेलेकुनिही वॉकर यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात सर्फिंग ‘मेले आणि पुन्हा जन्मले’ ही कल्पनाच नाकारली असून, लाटांचा प्रदेश हवाईयन लोकांनी अखेरपर्यंत आपल्या हाती ठेवला होता, असे दाखवून दिले आहे. राजकन्या काइउलानी (१८७५–१८९९) हिची कोआ लाकडाची, सुमारे सव्वादोन मीटर लांबीची आलाइआ फळी होनोलुलूच्या बिशप संग्रहालयात आजही जतन केलेली आहे. १८९३ मध्ये अमेरिकी व्यापारी हितसंबंधांनी हवाईची राजसत्ता उलथवली, तेव्हा ही वारसदार राजकन्या अवघ्या सतरा वर्षांची असताना दाद मागण्यासाठी वॉशिंग्टनला गेली. तिला यश आले नाही. १८९८ मध्ये बेटे अमेरिकेत विलीन झाली आणि पुढल्या वर्षी तिचे निधन झाले.

३. पुनरुज्जीवन आणि पुरुषीकरण (१९०७–१९४०) :

१९०७ मध्ये अमेरिकी लेखक जॅक लंडन यांनी वाइकीकी येथे सर्फिंगचा अनुभव घेऊन त्यावर लेख लिहिला. त्यात लाटेवर उभ्या असलेल्या सर्फरचे वर्णन रोमन देव मर्क्युरीसारख्या तेजस्वी पुरुषाच्या रूपात केले आहे. हा लेख प्रथम प्रसिद्ध झाला तो ‘वुमन्स होम कम्पॅनियन’ या स्त्रियांच्या मासिकात! स्त्री वाचकांसमोर सर्फिंग मांडले गेले ते पुरुषाच्या पराक्रमाचे दृश्य म्हणून. स्त्रीची भूमिका खेळाडूची न राहता प्रेक्षकाची झाली.

१९०८ मध्ये वाइकीकी येथे आउटरिगर कनू क्लब स्थापन झाला. त्याचे सभासद प्रामुख्याने गोरे पुरुष होते. स्त्रियांची संघटना स्वतंत्र ठेवण्यात आली. जो किनारा पूर्वी सर्वांचा होता, तेथे सभासदत्वाची कल्पना आली आणि सभासदत्वाबरोबर वगळणूकही आली.

ऑस्ट्रेलियातील घटना या दृष्टीने बोलकी आहे. हवाईयन जलतरणपटू ड्यूक कहानामोकू यांनी १९१४-१५ च्या दौऱ्यात सिडनीजवळ सर्फिंगची प्रात्यक्षिके दाखविली. त्यांनी आपल्या फळीवर सोबत घेतलेली इझाबेल लेथम (१८९९–१९९५) ही तेव्हा पंधरा वर्षांची होती. तिला ऑस्ट्रेलियातील पहिली सर्फर मानण्याची प्रथा दीर्घकाळ होती. तिच्या आधीही काहींनी फळी वापरल्याची माहिती नंतर पुढे आली आहे. लेथम पुढे अमेरिकेत पोहण्याची शिक्षिका झाली. सॅन फ्रान्सिस्कोच्या किनाऱ्यावर ऑस्ट्रेलियन जीवरक्षण पद्धती सुरू करण्यासाठी तिने सिडनीच्या एका क्लबकडे सभासदत्व मागितले, तेव्हा ती स्त्री असल्याने ते नाकारण्यात आले. ऑस्ट्रेलियातील जीवरक्षक संघटनेने स्त्रियांना पूर्ण सभासदत्व दिले ते १९८० मध्ये. लाटेवर उभी राहिलेली मुलगी आणि नियमाने मान्य झालेली स्त्री जीवरक्षक यांच्यामध्ये तब्बल पासष्ट वर्षांचे अंतर आहे.

४. फळीचे वजन : एका दुर्लक्षित कारणाचा विचार

स्त्रिया सर्फिंगमध्ये कमी का होत्या, या प्रश्नाचे उत्तर बहुधा त्यांच्या शारीरिक क्षमतेत शोधले जाते. त्यापेक्षा साधनाकडे पाहणे अधिक उपयुक्त ठरते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कॅलिफोर्नियात वापरल्या जाणाऱ्या रेडवूड लाकडाच्या भरीव फळ्या सुमारे ३५ ते ४५ किलो वजनाच्या असत. ती उचलून वाळूतून पाण्यापर्यंत नेणे हेच पहिले दिव्य होते. अशा काळातही मेरी ॲन हॉकिन्स हिने १९३० च्या दशकाच्या अखेरीस पॅसिफिक किनाऱ्यावरील स्त्रियांच्या स्पर्धांत वर्चस्व गाजविले, हे विसरता येत नाही.

१९४७ मध्ये फळी बनविणारा कारागीर जो क्विग याने डॅरिलिन झॅनक या तरुणीसाठी एक फळी तयार केली. ती मोटारीत मावावी आणि तिला एकटीला उचलता यावी, अशी अपेक्षा होती. बाल्सा हे हलके लाकूड आणि फायबरग्लासचे आवरण वापरून केलेली ही फळी नेहमीच्या फळीच्या निम्म्याहूनही कमी वजनाची झाली. ‘मुलीची फळी’ म्हणून तिच्याकडे पाहणाऱ्या मालिबूच्या तरुणांनी ती मागून घेऊन वापरली, तेव्हा ती जड फळीपेक्षा सहज वळते आणि लाटेच्या उतारावर अधिक चपळपणे फिरते, हे त्यांच्या लक्षात आले. याच धर्तीवर पुढे ‘मालिबू चिप’ म्हणून ओळखली जाणारी फळी विकसित झाली आणि युद्धोत्तर सर्फिंगचे स्वरूप पालटले.

या घटनेचे महत्त्व दुहेरी आहे. स्त्रीच्या गरजेतून निर्माण झालेल्या साधनाने पुरुषांच्याही खेळाचा विकास घडवून आणला. परंतु खेळाच्या प्रचलित इतिहासात त्याचे श्रेय कारागिराला आणि नंतरच्या पुरुष सर्फरांना मिळाले. ज्या मुलींनी ती फळी प्रथम वापरली, त्यांची नावे तळटीपेत गेली.

५. ‘गिजेट’ आणि किनाऱ्यावर बसलेली मुलगी :

१९५६ च्या उन्हाळ्यात कॅथी कोनर ही पंधरा वर्षांची मुलगी मालिबूच्या किनाऱ्यावर जाऊ लागली. घरून आणलेले सँडविच देऊन त्या बदल्यात ती मुलांकडून फळी मागून घेई. ‘मुलगी’ आणि ‘बुटकी’ या अर्थांच्या दोन इंग्रजी शब्दांची सरमिसळ करून मुलांनी तिला ‘गिजेट’ हे नाव ठेवले. तिच्या अनुभवांवर तिचे वडील फ्रेडरिक कोनर यांनी १९५७ मध्ये कादंबरी लिहिली. १९५९ मध्ये तिच्यावर चित्रपट निघाला. या दोहोंमुळे सर्फिंग अमेरिकेच्या घराघरांत पोहोचले आणि मालिबूवर गर्दी लोटली.

म्हणजे ज्या प्रतिमेने सर्फिंगला लोकप्रियता मिळवून दिली, तिच्या केंद्रस्थानी एक मुलगी होती. पण चित्रपटात तिचे लाटेवरील कौशल्य प्रेमकथेच्या आड गेले. इतकेच नव्हे, तर नायिकेची सर्फिंगची काही दृश्ये मिकी मुन्योझ या पुरुष सर्फरने केसांचा टोप घालून दिली. ज्या वर्षी हे दृश्य पडद्यावर आले, त्याच १९५९ मध्ये पंधरा वर्षांच्या लिंडा बेन्सनने हवाईतील माकाहा येथील आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकली आणि वाइमीआ उपसागरातील प्रचंड लाटांवरही ती स्वार झाली. कुशल मुली प्रत्यक्षात होत्या. त्या पडद्यावर मात्र आल्या नाहीत.

१९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात फळ्या आखूड झाल्या आणि खेळाची भाषा आक्रमक झाली. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरील त्या वातावरणाचे चित्रण कॅथी लेट आणि गॅब्रिएल कॅरी या दोन तरुण लेखिकांच्या ‘प्युबर्टी ब्लूज’ (१९७९) या कादंबरीत आढळते. मुले लाटांवर असतात. मुली तासन्‌तास वाळूवर बसून त्यांच्या कपड्यांवर लक्ष ठेवतात, त्यांच्यासाठी खाद्यपदार्थ आणून देतात. मुलीने फळी हाती घेणे हसण्यावारी नेले जाते. शेवटी दोघी मैत्रिणी स्वतःची फळी घेऊन पाण्यात उतरतात. समाजशास्त्रीय साधन म्हणून या कादंबरीचे मोल मोठे आहे; कारण तेथे बंदी घालणारा कोणताही नियम नाही. केवळ टिंगल आणि सवय यांच्या बळावर अर्धा समाज पाण्याबाहेर ठेवला गेला होता.

६. स्पर्धा, पारितोषिक आणि बाजारपेठ :

१९६४ मध्ये सिडनीजवळ मॅन्ली येथे झालेल्या जागतिक स्पर्धेत स्त्रियांचा गट होता आणि तो ऑस्ट्रेलियाच्या फिलिस ओडोनेल हिने जिंकला. १९७५ मध्ये जेरिको पॉपलर आणि मेरी सेटरहोम यांच्या पुढाकाराने स्त्रियांची आंतरराष्ट्रीय सर्फिंग संघटना स्थापन झाली. १९७७ मध्ये स्त्रियांची व्यावसायिक जागतिक मालिका सुरू होऊन मार्गो ओबर्ग पहिली विजेती ठरली. हवाईतील रेल सन (१९५०–१९९८) ही या पिढीतील महत्त्वाची सर्फर. ती हवाईतील पहिली स्त्री जीवरक्षक होती. माकाहा येथील मुलांसाठी तिने १९७६ मध्ये स्पर्धा सुरू केली. १९८३ मध्ये कर्करोगाचे निदान झाल्यानंतरही ती दीर्घकाळ लाटांवर जात राहिली. व्यावसायिक सर्फिंग आणि हवाईयन परंपरा यांना जोडणारा दुवा म्हणून तिच्याकडे पाहता येते.

स्पर्धा मिळाल्या तरी समान वागणूक मिळाली नाही. पुरुषांच्या फेऱ्या चांगल्या लाटांच्या वेळी आणि स्त्रियांच्या फेऱ्या वारा बिघडल्यावर घेण्याची पद्धत दीर्घकाळ होती. १९९३ ची जागतिक विजेती, ऑस्ट्रेलियाची पॉलीन मेन्झर, संधिवाताने ग्रस्त होती आणि तिला प्रायोजक नव्हता. विजेतेपदाबद्दल आपल्याला पैसे तर मिळाले नाहीतच, मिळालेला चषकही मोडका होता, असे तिने सांगितले आहे. बाजारपेठेला हव्या असलेल्या रूपाच्या चौकटीत न बसणाऱ्या खेळाडूला विजयही आधार देऊ शकत नव्हता.

याच काळात बाजारपेठेने मात्र स्त्री ग्राहकाचा शोध घेतला. क्विकसिल्व्हर या कंपनीने १९९० मध्ये ‘रॉक्सी’ ही स्त्रियांसाठीची नाममुद्रा सुरू केली आणि काही वर्षांत मुलींसाठी खास शिवलेल्या सर्फिंगच्या आखूड विजारी बाजारात आल्या. १९९४ ते १९९७ असे सलग चार वेळा जागतिक विजेतेपद मिळविणारी लिसा अँडरसन या पेहरावाचा चेहरा बनली. १९९५ मध्ये ‘वाहीने’ (हवाईयन भाषेत ‘स्त्री’) हे स्त्री सर्फरांचे मासिक निघाले. १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातील ला होया येथे केवळ स्त्रियांसाठी सर्फिंगची शाळा सुरू झाली. एकोणिसाव्या शतकात होलोकूने स्त्रीला लाटेपासून दूर केले होते. विसाव्या शतकाच्या अखेरीस पुन्हा एका वस्त्रानेच तिची वाट काही प्रमाणात सुकर केली. मात्र या वस्त्राबरोबर सडपातळ, गोऱ्या, सोनेरी केसांच्या तरुणीची प्रतिमाही विकली गेली. सुझन ऑर्लीन यांच्या माउई बेटावरील सर्फर मुलींविषयीच्या १९९८ च्या लेखावरून ‘ब्लू क्रश’ (२००२) हा चित्रपट निघाला. त्याची नायिका गोरी आहे; हवाईयन मुलगी आहे ती तिच्या मैत्रिणींपैकी एक म्हणून.

समान पारितोषिकाचा प्रश्न २०१६ नंतर निर्णायक टप्प्यावर आला. कॅलिफोर्नियातील मॅव्हरिक्स येथील प्रचंड लाटांवरील स्पर्धेत स्त्रियांना स्थान नव्हते. बियांका व्हॅलेन्टी, कीआला केनेली, पेज आल्म्स आणि अँड्रिया मोलर यांनी समिती स्थापून कॅलिफोर्निया किनारा आयोगाकडे दाद मागितली. किनारा सार्वजनिक मालमत्ता असल्याने तेथे स्पर्धेचा परवाना देताना भेदभाव चालणार नाही, हा त्यांच्या मागणीचा गाभा होता. २०१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील एका कनिष्ठ गटाच्या स्पर्धेत विजेत्या मुलाच्या हाती ८,००० रँडचा आणि विजेत्या मुलीच्या हाती ४,००० रँडचा धनादेश असलेले छायाचित्र जगभर पसरले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये वर्ल्ड सर्फ लीगने २०१९ पासून आपल्या स्पर्धांत समान पारितोषिके देण्याचे जाहीर केले. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाने राज्याच्या जमिनीवर होणाऱ्या स्पर्धांसाठी समान पारितोषिकाचा कायदाही केला. लेथमला नाकारताना क्लबचे सभासदत्व प्रमाण मानले गेले होते. येथे किनाऱ्याची सार्वजनिक मालकी प्रमाण मानली गेली. या दोन भूमिकांतील फरक हा या चळवळीचा वैचारिक विजय होय.

७. भारतीय किनाऱ्याचा संदर्भ :

भारतात संघटित सर्फिंगची सुरुवात कर्नाटकातील मुल्की येथे २००४ च्या सुमारास झाली. मूळच्या मुंबईच्या इशिता मालवीय यांनी मणिपाल येथे शिकत असताना सर्फिंग आत्मसात केले आणि २००७ मध्ये सहकाऱ्यासमवेत शाका सर्फ क्लब सुरू केला. भारतातील पहिली व्यावसायिक स्त्री सर्फर म्हणून त्यांचा उल्लेख केला जातो. तमिळनाडूच्या किनाऱ्यावरही मच्छीमार कुटुंबांतील काही मुली सर्फिंगकडे वळल्या आहेत.

भारतीय किनाऱ्यावरील परिस्थिती हवाईहून वेगळी आहे. कोकण असो वा कोरोमंडल, मासळीची विक्री आणि तिच्याशी निगडित अर्थव्यवहार स्त्रियांच्या हाती, तर प्रत्यक्ष समुद्र बहुतांशी पुरुषांच्या हाती, अशी श्रमविभागणी रूढ आहे. त्यामुळे किनाऱ्यावर जन्मलेली मुलगी पोहायला शिकेलच असे नाही. सावळेपणाची भीती, पेहरावाविषयीची टीका आणि पाण्याविषयीची धास्ती ही कारणेही आहेतच. होलोकूच्या इतिहासाशी परिचित असलेल्या अभ्यासकाला त्यांत फारसे नवल वाटणार नाही.

८. ऑलिम्पिक आणि ध्वजाचा प्रश्न :

२०२१ मध्ये पार पडलेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये सर्फिंगचा प्रथमच समावेश झाला. पुरुष आणि स्त्रिया यांना प्रत्येकी २० जागा होत्या. स्त्रियांचे पहिले सुवर्णपदक मूळ हवाईयन वंशाच्या कॅरिसा मूर हिने पटकावले. व्यावसायिक मालिकेत हवाईचे खेळाडू हवाईच्या ध्वजाखाली खेळतात. ऑलिम्पिकमध्ये मात्र तिला अमेरिकेच्या ध्वजाखाली उतरावे लागले. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकची सर्फिंग स्पर्धा ताहितीमधील तेआहुपो-ओ येथे झाली. या धोकादायक लाटेवर २००६ नंतर बंद पडलेली स्त्रियांची व्यावसायिक स्पर्धा २०२२ मध्येच पुन्हा सुरू झाली होती. २०२४ च्या मे महिन्यात तेथील व्यावसायिक स्पर्धा फ्रेंच पॉलिनेशियाच्या वाहिने फिएरो हिने जिंकली. ऑलिम्पिकमध्ये ती फ्रान्सकडून खेळली. ताहितीच्या भाषेत तिच्या नावाचा अर्थ ‘स्त्री’ असा होतो. लाट परत मिळाली, परंतु ज्या राजकीय प्रक्रियेत ती गेली होती तिचा निकाल बदललेला नाही, हे या दोन्ही उदाहरणांवरून स्पष्ट होते.

निष्कर्ष :

१) सर्फिंगमधील स्त्रियांचा सहभाग ही आधुनिक किंवा पाश्चात्त्य देणगी नसून हवाईच्या मूळ परंपरेचा तो अविभाज्य भाग होता. ‘पहिली स्त्री सर्फर’ हा किताब देताना तो कोणत्या किनाऱ्यापुरता आणि कोणत्या कालखंडापुरता आहे, हे सांगणे अगत्याचे आहे.
२) स्त्रिया मागे पडण्यामागे रोगराई, लोकसंख्येचा ऱ्हास, नवे आर्थिक जीवन आणि शालीनतेच्या नव्या कल्पना ही कारणे एकत्रितपणे कार्यरत होती. त्यांपैकी कोणतेही एकच कारण पुरेसे नाही.
३) वगळणूक नेहमीच कायद्याने होत नाही. पेहराव, साधनाचे वजन, क्लबचे सभासदत्व, टिंगल आणि पारितोषिकाची रक्कम हेही तिचे मार्ग आहेत.
४) बाजारपेठेने स्त्रियांचा सहभाग वाढविला, तरी त्याबरोबर सौंदर्याची व वर्णाची एक संकुचित चौकटही प्रस्थापित केली.
५) समान पारितोषिकाचा लढा किनाऱ्याच्या सार्वजनिक मालकीच्या तत्त्वावर उभा राहिला. हे तत्त्व भारतीय संदर्भातही विचारात घेण्याजोगे आहे.

समारोप :

ज्या क्षेत्रात स्त्रिया आज अल्प संख्येने दिसतात, त्या क्षेत्रात त्या पूर्वी नव्हत्याच, असे गृहीत धरण्याची सवय इतिहासलेखनाला लागली आहे. या गृहीतकामुळे वगळणुकीचा काळ हाच आरंभाचा काळ ठरतो आणि हक्काने मिळालेली गोष्ट सवलतीसारखी भासू लागते. काइउलानीची फळी संग्रहालयात या गृहीतकाला उत्तर देत उभी आहे. त्या फळीपासून इतिहासाची मांडणी सुरू केल्यास लाटेवर उभी राहणारी आजची मुलगी नवखी ठरत नाही. तिचा वारसा मध्यंतरी खंडित झाला होता, इतकेच.